पाणी बाकी

मन्मथप्पा एस.टी.त चढण्याआधी तिला पुढून भेटून यायचे. दाराशी लोटालोटी चालू असायची, खिडक्यांतून रुमाल आणि पिशव्या टाकून जागा धरल्या जात असायच्या, आणि हे साठी उलटलेले गृहस्थ, पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गाडीच्या नाकासमोर वाकून उभे असायचे. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून आधी उजव्या दिव्याच्या काचेवर टक् करायचे, कान देऊन ऐकायचे, मग डाव्या. तेवढं झालं की सावकाश दाराकडे यायचे. तोवर बसायला जागा उरलेली नसायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

त्या मार्गावरचे ड्रायव्हर त्यांना ओळखायचे. एखादा वरून वाकून विचारायचा, "काय अप्पा, पास का नापास?"

"उजवा पास हाय. डाव्याला सर्दी झालीय. आत पाणी गेलंय बघ."

"महामंडळाला सांगतो."

"सांग की. तवर हळू चालव."

उदगीरला देगलूर रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. तिथे एकच वस्तू मिळायची, गाड्यांचे जुने, वापरलेले हेडलाइट. पाटीवर लिहिलं होतं, 'श्री मन्मथ हेडलाइट. जुने दिवे पाहून मिळतील. मु. पो. ता. उदगीर, जि.' आणि 'जि.'च्या पुढे एक कोरा पांढरा चौकोन होता. उदगीर जिल्हा होणार, आता झालाच, असं गावात सगळे धरून चालले होते, तेव्हा ही पाटी रंगवली गेली. पेंटरने विचारलं, 'लातूर' लिहू का? अप्पा म्हणाले, "थांब की. चार महिन्यांनी पुसावं लागंल." तो चौकोन मी पाहिला तेव्हा त्याच्यावर धूळ बसून तो पिवळट झाला होता.

आमचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत. पप्पा कॉलेजात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जिल्हा कृती समितीत असायचे. दर सव्वीस जानेवारीच्या आणि पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी ते टीव्हीसमोर बसून राहायचे, नव्या जिल्ह्यांची घोषणा होईल म्हणून. आई अहमदपूरच्या शाळेत शिक्षिका, रोज एस.टी.ने जाऊन येऊन. घराची किल्ली अप्पांच्या बायकोकडे, अक्कांकडे असायची. शाळा सुटल्यावर किल्ली घ्यायला जायचं आणि आई येईपर्यंत दुकानातल्या बाकावर बसायचं, असं माझं सातवीपासून दहावीपर्यंत चाललं. मी फारशी बोलत नसे. इंग्लिश शाळेतली पोरगी म्हणून अप्पा मला 'कॉन्व्हेंट' म्हणायचे. आमच्या शाळेचं नाव कॉन्व्हेंट नव्हतं, पण मी ते कधी सांगितलं नाही.

दुकानात तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर नंबर घातलेले पुठ्ठ्याचे डबे. एकदा अप्पांच्या हाताला फटी बुजवायची काळी लांबी लागली होती. ते म्हणाले, "कॉन्व्हेंट, एकोणसत्तरचा डबा दे बरं." मी डबा काढून दिला. त्यांनी झाकण उघडलं, मिटलं, आणि डब्यावरचा आकडा माझ्याकडे फिरवला. एकोणऐंशी.

"हे किती हाय?"

"सेव्हन्टी नाइन."

"मी काय मागितलं?"

 माझ्या कानाला 'सत्तर' ऐकू आलं होतं, पुढे नऊ लावले होते.

"एकोण म्हंजे एक उणा. सत्तरात एक उणा किती?"

"सिक्स्टी नाइन."

"मराठीत सांग."

मराठीत तो आकडा माझ्या तोंडून येईना. अप्पा हसले. हसणं वाईट नव्हतं. नंतर अधूनमधून ते मुद्दाम असेच डबे मागायचे, एकोणतीसचा, एकोणपन्नासचा, आणि मी मनातल्या मनात इंग्रजीत वजाबाकी करून बरोबर डबा काढायचे. त्यांना वाटलं मला येतंय. मलाही तसंच वाटायला लागलं.

सगळ्यात वरच्या फळीवर विकायचे नसलेले पाच दिवे होते. गिऱ्हाईक नसलं की अप्पा एकेक खाली काढून पुसायचे आणि पुसता पुसता बोलायचे. पहिला पितळी होता, कंदिलासारखा, बुडाशी डबी असलेला. निजामाच्या राज्यातल्या कुणा जहागीरदाराच्या मोटारीचा, असं ते सांगायचे. "ह्याला वायर न्हाई, बॅटरी न्हाई. खालच्या डबीत कार्बाइडचे खडे टाकायचे, वर पाणी. पाणी थेंब थेंब गळायचं, त्याचा गॅस व्हायचा, गॅस पेटवायचा. म्हंजे बघ, मोटारीचा दिवा आधी पाणी पिऊन जळायचा." दुसरा साध्या बल्बचा, काच वेगळी, भांडं वेगळं. तिसरा गोल, बंद, सगळा काचेचा एकच गोळा. तो अप्पांचा लाडका. "ह्याच्यात पाणी जायची काय बिशाद. तार जळाली की अख्खा दिवा फेकायचा. पण तवा सगळ्या गाड्यांचा दिवा एकच, सात इंची गोल. ट्रकचा जीपला, जीपचा साहेबाच्या गाडीला." चौथा हॅलोजनचा. पाचवा आताचा, प्लॅस्टिकच्या काचेचा, तिरका, उन्हाने पिवळा पडलेला. "आता परत्येक गाडीचे डोळे निराळे. एक फुटला तर कंपनीचा नवा घ्यायला माणूस हबकतो. म्हणून माझं दुकान चालतं."

वापरलेल्या दिव्याला ते जुना म्हणत नसत. 'वाचलेला' म्हणत. टक्कर झाली की बहुतेक एका बाजूचा दिवा फुटतो, दुसऱ्या बाजूचा राहतो. भंगारात येतो तो राहिलेला. त्यामुळे वाचलेले दिवे कायम एकटे असतात. आणि अप्पा एकटा दिवा विकत नसत. त्यांचं म्हणणं, नवा-जुना शेजारी शेजारी लावला तर एका बाजूचा रस्ता पांढरा दिसतो, एका बाजूचा पिवळा, आणि माणूस पांढऱ्या बाजूला ओढला जातो. म्हणून दोन निरनिराळ्या गाड्यांचे, एकाच वयाचे, एकाच मापाचे दिवे ते शोधत राहायचे. याला ते सोयरीक म्हणायचे. "नांदेडची पोरगी मिळालीय," एखादा उजवा दिवा हातात धरून ते अक्कांना सांगायचे, "आता लातूरला पोरगा बघायचा."

अक्का बिदरकडच्या. त्यांच्या बोलण्यात कानडी मिसळलेली असायची. "पोटची सोयरीक जुळवायची येळ आली न्हाई, इल्ल," त्या म्हणायच्या, "मग काचेच्याच जुळवा." त्यांना मूल नव्हतं. हे वाक्य त्या हसून म्हणायच्या आणि अप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे.

एकदा पप्पांच्या जीपसाठी दिवा शोधायला अप्पांबरोबर नांदेडला जायचा योग आला. जीपचं पासिंग लातूरला करून घ्यायचं होतं आणि डावा दिवा फुटका होता. शनिवारी सुट्टी म्हणून पप्पांनी मलाही नेलं. नांदेडच्या भंगार बाजारात अप्पांना सगळे हाक मारत होते. एका दुकानदाराने खास आतून एक जोडी काढली. बाहेरच्या देशातून आलेली, काच नितळ, मागचं भांडं आरशासारखं.

"अप्पा, देखो. एकदम बेदाग. तुम्हारे लिए रख्या मैं."

अप्पांनी दिवा तळहातावर घेतला. ते रोज सकाळी तळहातावर लिंग ठेवून पूजा करायचे. अक्का म्हणायच्या, दिवा बघताना त्यांचा हात तसाच होतो. त्यांनी काचेवर टक् केलं, कान तपासले, म्हणजे दिवा गाडीला बसवायचे बारीक खुंट. मग बल्ब लावून, वायर जोडून उजेड समोरच्या पत्र्यावर टाकला. उजेडाची वरची कड सरळ जाऊन एका बाजूला चढत होती.

"उजवीकडं चढतो," अप्पा म्हणाले.

"तो? उजाला तो है ना."

"तिकडं लोक रस्त्याच्या उजव्या अंगानं चालवतात. आपला दिवा डावीकडं चढाया पाहिजे, कडेचं दिसावं म्हणून. हा समोरच्याच्या डोळ्यात जाईल."

"समोरवाला अपना देख लेगा, अप्पा."

"त्याला दिसंल तर बघंल ना."

पप्पांना ती जोडी आवडली होती. पुढच्या मीटिंगला जायची घाई होती. अप्पांनी ती घेऊ दिली नाही. पुढे चार दुकानं फिरून एक एकटा डावा मिळाला, ओरखडे असलेला, जीपच्या जुन्या उजव्याशी जुळणारा. परत येताना पप्पा जरा चिडून म्हणाले, "अप्पा, जिल्हा झाला की आर.टी.ओ. इथंच येईल. मग तुमची ही परीक्षा कामाला येईल."

"जिल्हा झाला तरी काच तीच हाय, सर."

पण काचेवरची टक् आणि पत्र्यावरचा उजेड एवढ्यावर अप्पांची परीक्षा संपत नसे. खरी परीक्षा दुकानाच्या मागे होती. तिथे शहाबादी फरशीचा एक लहान हौद होता. प्रत्येक दिवा मागची भोकं रबराने बंद करून ते त्या हौदात बुडवायचे आणि दाबून धरायचे. जिथून बुडबुडे येतील तिथे फट. दिवा पुसायचा, वाळवायचा, फटीत काळी लांबी भरायची, पुन्हा बुडवायचा. बुडबुडा आला नाही की खडूने दिव्याच्या पाठीवर लिहायचं, 'पाणी पाहिले'. तेवढे दोन शब्द लिहिल्याशिवाय दिवा दुकानातून बाहेर पडत नसे. पाटीवरच्या 'पाहून मिळतील'चा अर्थ तो होता.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. एक नाही, लागोपाठ. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते वर्ष मी नववीतून दहावीत गेले तेव्हाचं. आमच्या गल्लीत बारा-पंधरा दिवसांनी टँकर यायचा. घागरी रांगेत लावून ठेवलेल्या असायच्या. अप्पांच्या हौदातलं पाणी मात्र होतं. ते खर्च होत नव्हतं. तेच पाणी ते महिनोन्महिने वापरायचे, वर पत्रा झाकून. गल्लीतल्या बायका येता-जाता बोलायच्या.

"अप्पांचे दिवे रोज न्हाऊन राहिलेत बाई. आपल्याला तोंड धुवायला न्हाई."

अप्पा हौदावरचा पत्रा नीट सरकवायचे. मार्चमध्ये समोरच्या घरी बाळंतीण आली. बाराव्या दिवशी पोराला न्हाऊ घालायला पाणी नव्हतं. अक्का दुकानात आल्या, हौदाच्या कडेला उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लेकराला काय सांगू?"

अप्पांनी पत्रा काढला. दुपारपर्यंत हौद रिकामा झाला. गाळून, तापवून ते पाणी कुणाकुणाच्या घरी गेलं. संध्याकाळी मी किल्ली घ्यायला गेले तेव्हा अप्पा हौदाच्या तळाला हात लावून बसले होते. फरशी अजून ओली होती.

त्यानंतर दुकान बंद ठेवायला हवं होतं, असं ते पुढे म्हणायचे. पण त्या उन्हाळ्यात टँकर अहोरात्र पळत होते. निलंग्याकडून, जळकोटकडून ड्रायव्हर यायचे, फुटक्या दिव्यांनी. त्यांना नको म्हणणं म्हणजे गावांना पाणी नको म्हणणं. अप्पांनी दिवे दिले. टक् करून, उजेड भिंतीवर पाहून दिले. पण दिव्याच्या पाठीवर 'पाणी पाहिले' लिहिलं नाही. दुकानाच्या आतल्या भिंतीवर खडूने गाडीचा नंबर लिहायचे आणि पुढे 'पाणी बाकी'. प्रत्येकाला सांगायचे, "पावसाच्या आधी परत ये. दिवा बुडवून बघायचा राहिलाय."

ड्रायव्हर हसायचे. "पाऊस कुठंय, अप्पा?"

त्यांतला जब्बारभाई हा नांदेडचा, लातूर भागात सरकारी कामावर लावलेला टँकर चालवणारा, पस्तिशीचा, तोंडाने गाणी म्हणणारा. त्याला जोडी हवी होती. टँकर दुकानासमोरच उभा होता, काठोकाठ भरलेला, टाकीच्या झाकणाखालून थेंब गळत होते आणि दोन कुत्री तिथली ओली माती चाटत होती.

"पाणी बाकी राहील," अप्पा म्हणाले.

जब्बारभाईने मागे बघितलं, अप्पांकडे बघितलं. "पीछे पूरी टंकी भरके पानी है, और तुम बोलते पानी नहीं? दो बालटी काढतो ना मी."

"ते पिण्याचं हाय."

"फिर वापस डाल देंगे टंकी में."

"भंगारातला दिवा बुडवलेलं पाणी? लोक पितील ते?"

"किसकू पता चलता, अप्पा."

"मला पता हाय की."

जब्बारभाई हसत सुटला. माझ्याकडे वळून म्हणाला, "देखो बेटी, कैसा आदमी है." मी हसले असेन किंवा नसेन. त्याने दिवे बसवून घेतले आणि जाताना हॉर्न वाजवला. भिंतीवर त्याच्या टँकरचा नंबर आणि पुढे 'पाणी बाकी'.

मे संपत आला तसा मला अप्पांमधला बदल दिसायला लागला. गावातला प्रत्येक माणूस आभाळाकडे बघत होता. अप्पाही बघायचे, पण ढग आला की ते दुकानात जायचे आणि भिंतीसमोर उभे राहायचे. भिंतीवर चोवीस गाड्या होत्या. कोरड्या दिवसात फट कळत नाही. फट असलेला दिवा आणि नसलेला दिवा सारखाच पेटतो. पाऊस आला की आत वाफ धरणार, उजेड मधेच पसरणार, समोरचं दिसणार नाही. सगळं गाव ज्याची वाट बघत होतं त्याला अप्पा एकटे घाबरत होते, आणि हे ते कुणाला सांगू शकत नव्हते. पाऊस नको असं त्या वर्षी कोण म्हणणार?

त्याच सुमाराला मागच्या गल्लीतल्या जुन्या आडातला गाळ काढला आणि तळाशी पाणी लागलं. खारट, गढूळ, पिण्याजोगं नाही. अप्पांनी स्वतः घागरी वाहून हौद भरला. मग मला म्हणाले, "कॉन्व्हेंट, तुझ्या पप्पांचा फोन आण. सगळ्यांना बोलवायचंय."

अप्पांकडे फोन नव्हता. नंबर मात्र सगळे तोंडपाठ, जोडीजोडीने. ते डोळे मिटून सांगत गेले, मी वहीच्या कागदावर लिहीत गेले. अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस. मी मनात भराभर इंग्रजी करत होते. चोवीस नंबर. कुठे अडलं तर विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. त्यांना वाटत होतं मला येतं, आणि मला ते तसंच राहू द्यायचं होतं.

"आता एकेकाला फोन लाव. म्हणावं, पाऊस यायच्या आत दिवा दाखवून जा."

अनोळखी माणसांना फोन करायचं मला जमणार नव्हतं. मी म्हटलं, "मेसेज करते. वाचतील." अप्पांना मेसेजचं काही माहीत नव्हतं. "निरोप पोचतो ना?" "पोचतो."

मी चोवीस मेसेज पाठवले. दुसऱ्या दिवसापासून गाड्या येऊ लागल्या. अप्पा दिवे काढायचे, बुडवायचे, भिंतीवरचा नंबर ओल्या फडक्याने पुसायचे. सहा दिव्यांतून बुडबुडे आले. अप्पा प्रत्येक वेळी बुडबुड्याकडे बोट करून त्या ड्रायव्हरला दाखवायचे, जणू आपलीच चोरी पकडून देत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर एकच नंबर राहिला.

"जब्बार आला न्हाई," अप्पा म्हणाले. "निरोप दिला होतास ना?"

"हो."

"लांब असंल. येईल."

जब्बारभाईचा म्हणून ज्या नंबराला मेसेज पाठवला होता तिथून मला उत्तर आलं होतं. 'कोण?' एवढंच. मला वाटलं जब्बारभाईने पप्पांचा नंबर ओळखला नसेल. अनोळखी पुरुषांच्या मेसेजना उत्तर द्यायचं नाही, ही माझी सवय होती. मी तो मेसेज पुसून टाकला.

पाऊस आला तो दिवेलागणीला. लोक रस्त्यावर आले होते, पप्पासुद्धा. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसून होते. अक्कांनी दोनदा आत बोलावलं. सकाळी बातमी आली. लातूर रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं तिथल्या वळणावर जब्बारभाईचा टँकर खाली गेला होता. जब्बारभाई जागच्या जागी गेला.

कुणी म्हणालं, त्याला झोप लागली असेल, दिवसाला सहा खेपा करत होता. कुणी म्हणालं, वळणाला फलकच नव्हता. दोन्ही खरं असेल. दिव्याचं नाव कुणीच घेतलं नाही. अप्पा एस.टी.ने त्या जागी गेले आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून एक दिवा घेऊन आले. डावा फुटला होता. उजवा वाचला होता. त्याच्या काचेमागे अर्ध्यापर्यंत पाणी होतं.

तो दिवा त्यांनी वरच्या फळीवर ठेवला, पाचांच्या शेजारी. भिंतीवरचा नंबर तसाच राहिला.

मी घरी येऊन पप्पांचा फोन काढला. जिल्ह्याच्या सभेला पाणी आणायला पप्पांनी जब्बारभाईला कधीतरी बोलावलं होतं. त्याचा नंबर फोनमध्ये होता. शेवटचे दोन आकडे सात आणि नऊ. मी मेसेज पाठवलेल्या नंबराचे आठ आणि नऊ होते. अप्पा एकोणऐंशी म्हणाले होते. मी ऐंशी ऐकलं होतं आणि पुढे नऊ लावले होते.

मी कुणाला काही सांगितलं नाही. दहावीचं वर्ष होतं, मी अभ्यासाला घरीच बसते म्हटलं आणि किल्लीची दुसरी प्रत करून घेतली. दुकान हळूहळू बंदच पडलं. कुणी आलं तर अप्पा म्हणायचे, "नांदेडला जा, तिथं मिळंल." अक्का आईला सांगायच्या की ते दिवसातून दोनदा स्टुलावर चढून त्या दिव्यातल्या पाण्याची पातळी बघतात. आणि एस.टी.ला पुढून भेटणं बंद झालं. आईनेच पाहिलं. अहमदपूरच्या गाडीत अप्पा पहिले चढले आणि पहिल्या सीटवर डोळे मिटून बसले. ड्रायव्हरने विचारलं, "अप्पा, आज परीक्षा न्हाई?" ते म्हणाले, "मास्तर नापास झाला."

पुढे मी इंजिनिअरिंगला नांदेडला आले. तिसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी बसस्टँडवर मला अप्पा दिसले. सिमेंटच्या बाकावर, मांडीवर कापडी पिशवी. बरेच वाळले होते. विभूतीचे पट्टे तेवढेच स्पष्ट. मी खांबामागे उभी राहिले. परत जावं असं वाटलं. मग गेले.

"कोण, कॉन्व्हेंट? बस की. केवढी झालीस."

जब्बारभाईच्या आईला भेटून आलो, ते म्हणाले. महिन्याला एकदा येतात. काही बोलत नाहीत फारसं. ती चहा करते, ते पितात, येतात. सुरुवातीला ती दार उघडत नव्हती. आता दाराला कडीच लावत नाही.

मी म्हटलं, "अप्पा, तो निरोप पोचला नव्हता."

ते समोरच्या गाड्यांकडे बघत राहिले.

"तुम्ही एकोणऐंशी म्हणालात. मी एकोणनव्वद लिहिलं. दुसऱ्याच कुणाला गेला. त्याने 'कोण' म्हणून विचारलंही होतं, मी उत्तर दिलं नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं."

एवढं मराठी मी सलग कधी बोलले नव्हते. स्टँडवर उदगीरच्या गाडीची घोषणा झाली. अप्पांनी पिशवीचे बंद एकमेकांत गुंतवले, सोडवले.

"तुझा कागद माझ्यापाशीच राहिला होता," ते म्हणाले. "चष्मा लावून बघितला होता मी. त्याच्या दहाव्याला."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पाच वर्षं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू लिहून दिलंस, मी वाचून घेतलं न्हाई. दिवा असाच दिला, कागदबी असाच घेतला. पाणी माझं बाकी होतं, बाळ. तुझं नव्हतं." मग म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात आटलं त्याच्या दिव्यातलं पाणी. ज्या फटीतनं आत गेलं, त्याच फटीतनं. काचेला पांढरी रेघ राहिलीय."

उदगीरची गाडी फलाटाला लागली. लोक दाराकडे धावले. अप्पा उठले, दोन पावलं गेले आणि वळले.

"एकोणऐंशी म्हंजे किती?"

"सत्तर आणि नऊ," मी म्हटलं.

"हं."

ते दाराकडे गेले नाहीत. गर्दीच्या कडेने गाडीच्या पुढे आले, तिच्या नाकासमोर उभे राहिले. बराच वेळ नुसतेच उभे. ड्रायव्हर नवा होता, काचेतून हाताने बाजूला व्हा म्हणत होता. अप्पा वाकले. बोट वाकवून उजव्या दिव्यावर टक् केलं आणि कान दिला. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली, तसे ते धोतराचा सोगा धरून दाराकडे गेले. कुणीतरी हात देऊन त्यांना वर घेतलं.

डावा दिवा राहिला. गाडी वळून माझ्यासमोरून गेली तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते. काच धुळीने भरलेली होती, आतलं काही दिसत नव्हतं.